मेटल (म्हणजे हेवी मेटल, कर्कश रॉक संगीत) ऐकू की नको? पास्टरांच्या धाकात असलेल्या नव्या भावासाठी

अरे भावा, आधी घाबरणं सोड. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) लावलेल्या गिटारमध्ये सैतान बसलेला नसतो, लिरिक्समध्ये काय आहे ते बघ आधी. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचं नाव काढलं की आपल्याकडे मंडळी दचकतात, पण त्यांच्या 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' अल्बमवरचं 'आफ्टर फॉरएव्हर' हे गाणं नीट ऐक, सरळ देवाच्या बाजूने बोलतंय ते, आणि लिहिलंय कॅथलिक घरात वाढलेल्या त्यांच्याच बेसिस्ट गीझर बटलरने.

स्ट्रायपर तर उघड उघड ख्रिस्ती बँड, कॅलिफोर्नियाचा, पिवळे-काळे पट्टे घालून स्टेजवरून पब्लिकमध्ये बायबलच्या नव्या कराराच्या प्रती फेकायचे, आणि नावाचा धागा बायबलमधल्या यशया 53:5 च्या फटक्यांशी (इंग्रजीत 'stripes'). त्यांच्यापासून सुरुवात कर, आवाज गोड आहे, घरचेही फार कटकट करणार नाहीत (बहुतेक).

पण सगळंच चालतं असं पण नाही हं. नॉर्वेत 1992 मध्ये बर्गनजवळचं फांटोफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, तिथल्या ब्लॅक मेटलवाल्यांपैकी (मेटलचाच एक सैतानी थाटाचा प्रकार) काहींनी अशी अजून चर्चेस जाळली आणि त्याचा गाजावाजाही केला. असल्यांचे टीशर्ट "म्युझिक भारी आहे रे" म्हणून घालणं मला नाही पटत, तुझं तू बघ.

आणि घरी वाद घालत बसू नकोस. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं टाळ-तबल्यावर गातोच की आपण उपासनेत, तेव्हा वाद्यावरून कोण ओरडतं? आईला एकदा लिरिक्स मराठीत सांगून बघ, आणि रात्री हेडफोन लाव बाबा.