वाचकांचे प्रश्न : अर्धवट सामान आणि गडावरची रात्र

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही पाच जण पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला गेलो होतो. वर पोहोचल्यावर लक्षात आले की तंबूचे कापड आहे, पण काठ्या घरी माळ्यावरच राहिल्या आहेत. शेगडी होती, पण नवीन आणलेला गॅसचा डबा तिला बसेना, आणि एकाची कॅरीमॅट (झोपताना अंगाखाली अंथरायची फोमची चटई) गाडीत राहिली होती. रात्र कुडकुडत काढावी लागली. यादी करूनही असे का होते आणि अशा वेळी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कॅरीमॅट सोडली तर आपण कोणतीही वस्तू पूर्णपणे विसरला नव्हता, विसरला तो तिचा एक भाग. यादीत ‘तंबू’ एवढाच शब्द असतो, माळ्यावरून पिशवी काढली की आपण त्यापुढे खूण करतो आणि काठ्या वेगळ्या पिशवीत आहेत हे गडावर पोहोचल्यावर आठवते. म्हणून वस्तूंच्या नावांऐवजी कामांची यादी करावी, असे माझे ठाम मत आहे. सूर्यास्तापासून सकाळी निघेपर्यंत आपण काय काय करणार, ते क्रमाने मनात आणावे आणि प्रत्येक कामाला लागणारी वस्तू हातात घेऊनच सॅकमध्ये भरावी. निघण्याच्या आदल्या दिवशी गच्चीवर तंबू एकदा उभा करावा आणि नेणार तीच शेगडी, तोच डबा व तोच लायटर वापरून चहा करून पाहावा. गॅसच्या काही डब्यांच्या तोंडाला आटे असतात, तर काही लांबट डब्यांना ते नसतात. एकाची शेगडी दुसऱ्याला बसत नाही आणि बळजबरीने बसवल्यास गॅस गळतो.

आता गडावरच्या उपायांकडे वळू. काठ्या नसल्या तरी तंबूचे बाहेरचे कापड उपयोगी पडते. दोन झाडांमध्ये दोरी बांधून ते एका बाजूने उतरते करावे आणि उतरती बाजू वाऱ्याकडे ठेवावी. दोरी बांधायला कडी नसेल, तर कापडाच्या कोपऱ्यात गुळगुळीत खडा गुंडाळून त्याच्या मानेभोवती दोरी आवळावी. कापड फाटत नाही आणि दोरी निसटत नाही. कोकणकड्याच्या कडेला दरीतून जोराचा वारा वर येतो, त्यामुळे निवारा तेथे न उभारता कड्यापासून दूर, आडोशाला उभारावा.

कॅरीमॅट नसल्याचा त्रास मात्र लोकांना वाटतो त्याहून मोठा असतो. स्लीपिंग बॅगमधील ऊब तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे टिकते. पाठीखाली तो भराव दबतो, हवा निघून जाते आणि गार कातळ अंगातली उष्णता रात्रभर शोषत राहतो. अशा वेळी अंगावर आणखी पांघरूण घेण्यापेक्षा अंगाखाली काहीतरी घालणे अधिक महत्त्वाचे असते. रिकामी सॅक, दोराचे वेटोळे, वर्तमानपत्राचे कागद, जे असेल ते खांदे आणि कंबर यांच्याखाली घालावे. गड कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा अंथरण्यासाठी गवत किंवा फांद्या तोडू नयेत.

शेगडी पेटली नाही म्हणून चूलही पेटवू नये. अभयारण्याचा नियम हे एक कारण. दुसरे असे की सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात आणि धुराने उठलेल्या माश्या माणसाच्या जिवावर उठतात. त्याऐवजी विस्तवाशिवाय होणारे जेवण नेहमीच सोबत असावे. पातळ पोहे, कांदा, खोबरे, लिंबू आणि मीठ एवढ्यावर उत्तम दडपे पोहे होतात. गूळ-दाणे आणि दशम्या आहेतच. पाचनईच्या वाटेने गेल्यास गडावर गावकऱ्यांकडे जेवण मिळू शकते, परंतु नळीच्या वाटेसारख्या अवघड वाटेवर अशा सोयीचा भरवसा धरू नये.

काही गोष्टींना मात्र पर्याय शोधू नये. बॅटरी, पुरेसे पाणी किंवा एखाद्याचे रोजचे औषध राहिल्याचे पायथ्याला लक्षात आले, तर पुढे जाऊ नये. म्हणून सामानाची शेवटची तपासणी गाडी सोडण्यापूर्वी, सर्वांच्या सॅक उघडूनच करावी.

प्रश्न : वर्षभर कपाटात ठेवलेल्या माझ्या बुटाचा तळ ऐन उतरणीवर सुटला. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पावसाळी दमटपणामुळे न वापरलेल्या बुटांचा डिंक आणि तळाचा फोमही निकामी होतो, म्हणून मुक्कामाच्या आठवडाभर आधी ते घालून भरपूर चालून पाहावे. वाटेत तळ सुटलाच, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बुटाभोवती आडवी आवळून बांधावी. ती ताणली जाते आणि कातळावर दोरीपेक्षा कमी घसरते. अशा दोन पट्ट्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कायम ठेवाव्यात.