नागपूरकर आहे, शिडाची बोट कधी चालवलेली नाही. यॉटवर राहून बेटं फिरता फिरता सेलिंग शिकता येईल का?

हो, येईल, फुटाळा तलावावर कधी वल्हंही मारलं नसेल तरी चालतं. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘कॉम्पिटंट क्रू’ हा साधारण 5 दिवसांचा कोर्स नवख्यांसाठीच आहे: बोटीवरच मुक्काम, शिडं चढवणं, दोर आवळणं, सुकाणू धरणं, नांगर टाकणं. मात्र बुकिंगआधी विचारा, प्रमाणपत्र मिळणार की नुसती सहल? बऱ्याच सहलींत सगळं कॅप्टनच करतो, आपण संत्री सोलत बसायचं. शिवाय एवढ्यावर क्रोएशियात स्वतःच्या भरवशावर यॉट भाड्यानं मिळत नाही. तिथे स्किपरचा, म्हणजे बोटीच्या कप्तानाचा, परवाना आणि बोटीवरून संपर्क साधायच्या व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र लागतं. निघण्याआधी बोलाइन गाठ (न सरकणारा फास) घरीच पक्की करा, पलंगाच्या पायाला बांधूनही जमते.