बिल हातात आहे, पण टू-बीत नाही

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे. आपल्या खरेदीवहीतला कर आणि जीएसटी पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारे जीएसटीआर-२बी, म्हणजे तुमच्या खरेदीच्या बिलांचे पत्रक ‘टू-बी’, जुळत नाही. विक्रेत्याने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, तुमच्या जीएसटी नंबरवर दाखवलेली बिलेच टू-बीत येतात. १ जानेवारी २०२२ पासून तिथे नसलेल्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या रिटर्नमध्ये घेता येत नाही. त्याआधी ५ टक्क्यांपर्यंतची मुभा होती, तीही तेव्हा संपली.

प्रश्न : आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. ऑक्टोबरच्या खरेदीवर टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) २,४६,३१० रुपये क्रेडिट दिसते, टू-बीत २,३१,९१०. फरक १४,४०० रुपये, म्हणजे १८ टक्क्यांनी ८०,००० रुपयांचे एक बिल. पण असे बिल कुठेच सापडत नाही. मग टू-बीची रक्कम ३बीत भरून मोकळे व्हावे का? (चिपळूण)

तसे बिल सापडणार नाही, कारण ते बहुधा नाहीच. एकूण फरक म्हणजे अधिक-उणे होऊन उरलेला आकडा असतो. समजा, वहीत आहेत पण टू-बीत नाहीत अशा बिलांचा कर २७,०००. कराडहून ३१ ऑक्टोबरला निघालेला माल कुंभार्ली घाट उतरून नोव्हेंबरात पोचला. त्याचा १६,२०० रुपये कर टू-बीत आहे, वहीत नाही. आणि पुरवठादाराने दिलेल्या सवलतीची क्रेडिट नोट, तिचा ३,६०० रुपये कर टू-बीत वजा झाला आहे, वहीत नोंदच नाही. २७,००० वजा १६,२०० अधिक ३,६०० म्हणजे बरोबर १४,४००. या स्थितीत टॅलीचा आकडा भरला तर ३०,६०० रुपये जास्त घेतले जातात. टू-बीचा आकडा डोळे मिटून भरला तर न पोचलेल्या मालाचे १६,२०० घेतले जातात, आणि माल ताब्यात आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. ऑक्टोबरचा खरा आकडा २,१५,७१० आहे. म्हणून बेरजा शेवटी बघा, आधी बिलाला बिल लावा.

टॅलीतून खरेदीची यादी एक्सेलमध्ये काढा. एकाच बिलाच्या दराप्रमाणे दोन-तीन ओळी झाल्या असतील तर आधी बिलवार बेरीज करून घ्या, नाहीतर निम्मी बिले उगाच जुळत नाहीत. पोर्टलवरून टू-बीची एक्सेल फाइल उतरवून तिच्या वरच्या शीर्षकाच्या जोडलेल्या ओळी काढून टाका. दोन्हीकडे बिल नंबराचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच मजकूर चिकटवा. तसे केले नाही तर ००४७ चे ४७ होते आणि १२-२५ सारखा नंबर एक्सेलला तारीख वाटतो. मग ‘सबस्टिट्यूट’ने तिरकी रेघ, आडवी रेघ आणि मोकळ्या जागा काढा, सुरुवातीची शून्ये काढा, आणि विक्रेत्याचा जीएसटी नंबर व हा साफ केलेला बिल नंबर जोडून एक खूण तयार करा. तिच्यावर ‘व्हीलुकअप’ दोन्ही बाजूंनी चालवा. एकाच बाजूने चालवला तर टू-बीत असलेली पण वहीत नसलेली बिले हाती लागत नाहीत, आणि विसरलेली क्रेडिट नोट नेमकी तिथेच असते. क्रेडिट नोटांची शीट फाइलमध्ये वेगळी असते, ती वेगळी जुळवा.

जी उरतील त्यांच्यावर दुसरा हात फिरवा: जीएसटी नंबर तोच, कराची रक्कम तीच, फक्त बिल नंबर वेगळा. आपल्याकडे नोंद करणारा मुलगा ‘४७’ एवढेच लिहितो आणि बिलावर अक्षरे, वर्ष, शून्ये मिळून सोळा खुणांचा नंबर असतो. तिसरा हात पॅनवर. जीएसटी नंबराच्या १५ खुणांपैकी तिसरी ते बारावी म्हणजे पॅन. एकाच पार्टीची कोल्हापूर आणि बेळगाव अशी दोन नोंदणीपत्रे असतील तर बिल एका शाखेचे आणि नोंद दुसऱ्या शाखेच्या नावावर, हे वारंवार घडते. रुपया-दोन रुपयांचा फरक राउंडिंगचा असतो. टू-बीत कमी असेल तर टू-बीचा आकडा धरा आणि पुढे चला.

आता तुमचे तीन ढीग. न पोचलेल्या मालाचे बिल पोर्टलवरच्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये, म्हणजे आयएमएसमध्ये, ‘पेंडिंग’ ठेवा. ही सोय १४ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. काहीच केले नाही तर बिल स्वीकारले असे धरले जाते. १४ तारखेनंतर आयएमएसमध्ये बदल केला तर ३बी भरण्याआधी टू-बी ‘रीकम्प्यूट’ करायला विसरू नका. ते राहिले तर जुनाच आकडा ३बीत येतो. क्रेडिट नोटची नोंद वहीत करा, पण आधी तिच्यावर जीएसटी लावलेला आहे ना ते पाहा. सिमेंट-रंगाच्या कंपन्या वर्षअखेरीस जीएसटी न लावता नुसती सवलतीची नोट देतात. ती टू-बीत येत नाही आणि तिच्यासाठी क्रेडिट उलटवावे लागत नाही.

टू-बीत न आलेले २७,००० रुपये या महिन्याच्या ३बीत दाखवूच नका. घेऊन पुन्हा उलटवायचाही खटाटोप नको. टॅलीत ‘टू-बीत येणे बाकी’ असे वेगळे खाते काढून रक्कम तिथे ठेवा. विक्रेत्याला नुसते ‘बिल दिसत नाही’ असे कळवून भागत नाही. बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, कर आणि स्वतःचा जीएसटी नंबर एकाच निरोपात लिहा. पुष्कळदा त्याने बिल दाखवलेले असते, पण काउंटरवर नंबर दिला गेला नाही म्हणून किरकोळ ग्राहकांत. मग त्याला किरकोळ विक्री तेवढ्याने कमी करून तुमच्या नंबरवर बिल दाखवावे लागते. विक्रेत्याने जीएसटीआर-१ मध्ये बिल सेव्ह केले की आयएमएसमध्ये दिसू लागते. म्हणून ८-९ तारखेलाच डोकावा, कारण मासिक जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख आहे. १५ तारखेला केलेला फोन पुढच्या महिन्यावर जातो.

प्रश्न : आम्ही हंगामात ताजा हापूस पेटीतून विकतो आणि पल्पही भरतो. एप्रिल-मे मध्ये घेतलेल्या खोक्यांची बिले टू-बीत आली नाहीत. विक्रेता म्हणतो, मी तिमाही रिटर्न भरतो. (देवगड)

विक्रेता खरे सांगतो आहे. तिमाही योजनेतल्या विक्रेत्याला पहिल्या दोन महिन्यांची बिले पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफ या सोयीतून चढवता येतात, महिन्याला ५० लाखांपर्यंत. पण ते ऐच्छिक आहे. त्याने चढवली नाहीत तर एप्रिल, मे, जून तिन्ही महिन्यांची बिले १३ जुलैपर्यंतच्या जीएसटीआर-१ मधून १४ जुलैच्या टू-बीत येतात. हंगामाचा सगळा कर तोवर खिशातून भरावा लागतो. मार्चमध्ये खोक्यांची ऑर्डर देतानाच आयएफएफ भरणार का ते विचारा आणि दर ठरवताना ते धरा. कराएवढी रक्कम बिल दिसेपर्यंत रोखून ठेवायची पद्धत चांगली आहे, फक्त बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत करासह पूर्ण पैसे दिले गेले पाहिजेत. नाहीतर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते.

तुमच्या पत्रात एक मोठी गोष्ट दडली आहे. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. म्हणून ताजा हापूस भरलेल्या खोक्यांचे क्रेडिट, टू-बीत दिसले तरी, तुमचे नाही. खोकी दोन कामांसाठी वापरता, तर खरेदीची नोंद करतानाच ताज्याची वेगळी, पल्पची वेगळी ठेवा. टेलिफोन, दुकानाचे भाडे, हिशेबनिसाची फी यांसारख्या सामाईक खर्चाचे क्रेडिट उलाढालीच्या प्रमाणात उलटवायचे. एकूण उलाढाल ५० लाख, त्यात ताजा आंबा ३० लाख, तर सामाईक २०,००० रुपयांतले १२,००० परत. ३बीच्या क्रेडिटच्या तक्त्यात आधी पूर्ण रक्कम ४ए(५) या रकान्यात दाखवा आणि ताज्याच्या खोक्यांचे व हे १२,००० रुपये ४बी(१) मध्ये काढा. हे महिन्याला करून वर्षाच्या आकड्यांवर एकदा पुन्हा तपासायचे असते. एप्रिल-मे मध्ये प्रमाण एक असते आणि पावसाळ्यात दुसरेच, त्यामुळे वर्षअखेरचा हिशेब टाळू नका.

प्रश्न : काजू कारखान्यासाठी शेतकऱ्यांकडून काजू बी घेतो. त्यावर भरलेला जीएसटी टू-बीत कधीच दिसत नाही. (वेंगुर्ला)

दिसणारही नाही. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न सोललेल्या काजूवर ५ टक्के जीएसटी घेणाऱ्याने भरायचा असतो. शेतकऱ्याची नोंदणी नाही, म्हणून बिल तुम्हीच स्वतःला द्यायचे, बी मिळाल्यापासून ३० दिवसांत. हा कर रोख खात्यातूनच भरावा लागतो, जुन्या क्रेडिटमधून चालत नाही. ३बीत ३.१(डी) मध्ये भरा आणि त्याच महिन्यात ४ए(३) मध्ये क्रेडिट घ्या. या नोंदी टॅलीत वेगळ्या खात्यात ठेवा. टू-बीशी जुळवायच्या यादीत मिसळल्या तर दर महिन्याला तेवढाच खोटा फरक दिसतो. हा नियम स्वतः लागवड करणाऱ्या शेतकऱ्यापुरता आहे, म्हणून खरेदीच्या पावतीवर गाव आणि वजन लिहा, सोबत सातबाऱ्याची प्रत ठेवा. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून बी घेतली तर तो नेहमीसारखा कर लावतो आणि ते बिल टू-बीत येते. परदेशी बी आणत असाल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टममधली आयातीची नोंद, टू-बीच्या आयातीच्या शीटमध्ये असते आणि क्रेडिट ४ए(१) मध्ये जाते. ती आली नसेल तर पोर्टलवर ‘सर्च बीओई’ मधून नंबर आणि तारीख टाकून ओढून घेता येते.

प्रश्न : म्हापशातून माल आणतो. बिले टू-बीत आहेत, पण ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात. (बांदा)

तुमचा जीएसटी नंबर महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होतो, विक्रेत्याचा गोव्याच्या ३० ने. त्याने काउंटरवर माल दिला म्हणून गोव्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर) लावला. गोव्याच्या एसजीएसटीचे क्रेडिट महाराष्ट्रातल्या नंबरला मिळत नाही, सीजीएसटीचेही नाही. ही रक्कम ४ए(५) मध्ये हाताने मिळवू नका. माल महाराष्ट्रात यायचा असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, लागतो, म्हणून पुरवठ्याचे ठिकाण महाराष्ट्र असलेले बिल मागा. जुने बिल विक्रेत्याकडून दुरुस्त करून घ्या. चुकीच्या खात्यात भरलेला कर त्याला परत मागता येतो, योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांत, आणि त्या आयजीएसटीवर व्याज लागत नाही. हे त्याला सांगितले की तो सहसा तयार होतो. पणजीत कामासाठी हॉटेलात राहिलात तर मात्र गोव्याचाच कर बरोबर आहे. तो खर्चात धरा.

प्रश्न : आमचे निवासी हॉटेल आहे, सगळ्या खोल्या ७,५०० रुपयांच्या आतल्या. आता क्रेडिट मिळत नाही म्हणतात. मग टू-बी बघायची गरज काय? बिले रिजेक्ट केली तर चालेल का? (दापोली)

रिजेक्ट करू नका. रिजेक्ट म्हणजे ‘हे बिल माझे नाही’, आणि बिल तर तुमचेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर क्रेडिटविना ५ टक्के आहे. बिले स्वीकारा, ४ए(५) मध्ये येऊ द्या, ४बी(१) मध्ये पूर्ण काढा. टू-बी तरीही बघा, कारण तुमच्या नंबरवर कोणी भलतेच बिल दाखवले तर ते फक्त तिथेच कळते. तसे बिल मात्र जरूर रिजेक्ट करा.

प्रश्न : बिल टू-बीत आहे, पैसेही दिले. तरी विक्रेत्याने कर भरला नाही म्हणून क्रेडिट परत करा असे सांगितले गेले. हे बरोबर आहे का? (रत्नागिरी)

बरोबर आहे, आणि यात वाचकांचे सर्वांत जास्त पैसे अडकतात. टू-बीत बिल येते ते जीएसटीआर-१ मुळे. कर भरला जातो ३बीने. विक्रेत्याने एक भरले, दुसरे नाही, असे होते. नियम ३७ए सांगतो की आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने ते ३बी भरले नाही, तर तुम्ही ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट उलटवायचे. तोवर उलटवले तर व्याज नाही, नंतर लागते. २०२५-२६ च्या बिलांसाठी या तारखा ३० सप्टेंबर आणि ३० नोव्हेंबर २०२६ आहेत. उलटवलेली रक्कम ४बी(२) मध्ये दाखवा. ४बी(१) मध्ये टाकली तर ती कायमची गेली असा अर्थ होतो. विक्रेत्याने पुढे ३बी भरले की तीच रक्कम ४ए(५) मध्ये घ्या आणि ४डी(१) मध्येही लिहा. पोर्टल या उलटवलेल्या-परत घेतलेल्या रकमांचे स्वतंत्र खाते ठेवते. त्यात शिल्लक नसताना परत घेऊ नका.

हीच ३० नोव्हेंबर टू-बीत न आलेल्या बिलांचीही शेवटची तारीख आहे, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरले तर ते भरल्याची तारीख शेवटची. प्रत्यक्षात हातात त्याहून कमी दिवस असतात: विक्रेत्याने बिल ११ नोव्हेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये घातले तर ते १४ नोव्हेंबरच्या टू-बीत येते आणि २० नोव्हेंबरच्या ३बीत घेता येते. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या पार्ट्यांचे जीएसटी नंबर पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’ मध्ये टाका आणि रिटर्न भरल्याच्या तक्त्यात ३बीच्या तारखा पाहा. वीस-पंचवीस पार्ट्यांना तासभर लागतो. ज्यांचा एखादा महिना रिकामा दिसेल त्यांना त्याच दिवशी लेखी कळवा आणि पुढच्या बिलाचे पैसे तो महिना भरेपर्यंत थांबवा.