मँडरिन : चीनमध्ये नसलेला चिनी शब्द

अनुवाद करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘दुकानाच्या पाटीवर मँडरिन लिपीत काहीतरी लिहिले होते’ हे वाक्य चालेल का? शिवाय मँडरिन लिहावे की मंदारिन, आणि या चिनी शब्दाचा मूळ अर्थ काय?

नाही चालणार. मँडरिन नावाची लिपी नाही. ही चीनची बोलण्याची प्रमाणभाषा आहे. लिहितात ती चिनी चिन्हे, आणि तीच चिन्हे हाँगकाँगचा कँटोनीज बोलणारा दुकानदारही पाटीवर रंगवतो. ती पाटी मँडरिनमध्ये वाचायची की कँटोनीजमध्ये, हे वाचणाऱ्याच्या जिभेवर अवलंबून. ‘चिनी लिपीत’ म्हणा आणि पुढे चला. बातम्यांत, प्रवासवर्णनांत, मालिकांच्या उपशीर्षकांत ही ‘मँडरिन लिपी’ इतक्या वेळा भेटते की आता दात-ओठ खायचेही सोडून दिले आहे. उद्या कोणी ‘पुणेरी लिपी’ म्हणाले तर चालेल का?

पण खरी मजा प्रश्नाच्या शेपटात आहे : ‘या चिनी शब्दाचा मूळ अर्थ’. अहो, हा शब्द चिनी नाहीच! चिनी माणूस आपल्या प्रमाणभाषेला पुतोंगह्वा म्हणतो, तैवानमध्ये ग्वोयू म्हणतात, सिंगापूरला ह्वायू. मँडरिनचा जुना अर्थ चीनचा सरकारी अधिकारी, पण अधिकाऱ्यालाही चिनीत म्हणतात ग्वान. मग मँडरिन आला कुठून? तर तुमच्या-आमच्या मंत्र्याकडून.

प्रवास असा. संस्कृतातला मंत्रिन् व्यापाऱ्यांबरोबर आणि पंडितांबरोबर मलाय द्वीपसमूहात गेला आणि तिथे ‘मन्तेरी’ झाला. मलाक्का या मलाय बंदर-राज्याच्या सुलतानाचा दरबार मुसलमान होता, पण हुद्दे पाहा. आरमाराचा प्रमुख लक्समाना, म्हणजे आपला लक्ष्मण. मुख्य प्रधान बेंदाहारा, म्हणजे भांडारवाला. आजही मलेशियाच्या पंतप्रधानाला ‘पेर्दाना मन्तेरी’ म्हणतात. हळू म्हणून पाहा : प्रधान मंत्री. थायलंडमध्ये मंत्री ‘रत्थमोन्त्री’ झाला. इंडोनेशियात मात्र बिचाऱ्याची बढती उलटी झाली, तिकडे दवाखान्यात जखम बांधून देणाऱ्या मदतनिसाला ‘मंत्री’ म्हणतात. (आपल्याकडेही 1674च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी हुद्दे काढून संस्कृत आणले, तेव्हा वाकनिसाचा मंत्री झाला. शब्द एकच, नशिबे वेगळी.)

1510 साली पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. तिथल्या बंदरात पोर्तुगिजांच्या कानावर हा ‘मन्तेरी’ रोज पडत होता. पुढे चीनच्या किनाऱ्यावर गेले, तेव्हा लांब झग्यातले, कागदपत्र मागणारे, हुकूम सोडणारे जे अधिकारी भेटले त्यांना त्यांनी तोच शब्द लावला आणि आपल्या सवयीप्रमाणे शेवटी नाकात बोलून ‘मांदारीं’ केला. मलाक्कात शिकलेला शब्द कँटनला (आजच्या ग्वांगझौ बंदरात) वापरला, इतकेच. परक्या देशात आपण नाही का, दिसेल त्या पोलिसाला ‘हवालदार’ म्हणत!

आता वाद. कोशांमधली एक जुनी खोड आहे, मँडरिन हा पोर्तुगीज ‘मांदार’ म्हणजे हुकूम देणे या क्रियापदापासून काढायची. अधिकारी हुकूम देतो, म्हणून मांदारीं. दिसायला गोंडस, पण मग पोर्तुगीज लोकांना आपल्या देशातल्या हुकूम देणाऱ्याला मांदारीं म्हणायला कोणी अडवले होते? आशियात येईपर्यंत हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. मान्य, ‘त’चा ‘द’ होताना मांदारचा धक्का लागला असेल. पण धक्का देणाऱ्याला बाप म्हणत नाहीत. हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने 1886 सालीच मंत्रीच्या बाजूने निकाल दिला होता. पुढे 1919 ते 1921मध्ये आसगावच्या मोन्सिन्योर दालगादोंनी आपल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशात हीच वाट धरली. पोर्तुगीज, कोंकणी आणि संस्कृत तिन्ही येणारा गोमंतकीय बारदेशकर एकीकडे आणि नुसते लिस्बनचे क्रियापद पाहणारे दुसरीकडे. मी कोणाच्या बाजूने हे सांगायला नको.

दुसरी व्युत्पत्ती चिनी मंडळींची लाडकी : ‘मान् दा रेन’, म्हणजे ‘मांचू महाशय’. (मांचू म्हणजे पुढे चीनवर राज्य केलेले ईशान्येकडचे लोक.) ऐकायला इतकी चपखल की खोटी असणारच. मांचू हे नावच 1635 साली अधिकृत झाले आणि मांचूंनी बीजिंग घेतले 1644मध्ये. पोर्तुगिजांच्या लिखाणात मांदारीं त्याच्या शंभरेक वर्षे आधीपासून आहेत, मांचूंच्या आधीच्या मिंग राजवटीतले, अस्सल हान, म्हणजे मूळचे चिनी. तारखा पाहिल्या असत्या तर हा फुगा पहिल्याच टाचणीला फुटला असता.

तिसरे आपल्या बाजूचे. ‘म्हणजे चिनी भाषा संस्कृतातून निघाली!’ असा ढकलसंदेश माझ्याकडे दोनदा आला आहे. बाबांनो, चिन्यांनी हा शब्द वापरलाच नाही म्हणतोय मी. हे नाव पाहुण्यांनी ठेवले आणि पाहुण्यांमध्येच राहिले.

आणि पाहुणचार कसा होता तेही थोडे ऐका, कारण शब्द इथेच तापतो. पोर्तुगालचा पहिला वकील, म्हणजे राजदूत, तोमे पिरेश, पेशाने औषधविक्या, 1517मध्ये कँटनला पोहोचला. जहाजांनी सलामीच्या तोफा उडवल्या आणि बंदरातले अधिकारी भडकले. तोफ हा त्यांच्या लेखी आदर नव्हता, उद्धटपणा होता. त्यातच पोर्तुगिजांनी बळकावलेल्या मलाक्काचा सुलतान चीनच्या बादशहाला नजराणे पाठवणाऱ्यांपैकी, त्यामुळे त्याची तक्रार दरबारात गेलेली. वकिली फसली, पिरेश कैदेत गेला, दुभाष्यांची डोकी उडाली. या दुभाष्यांना पोर्तुगीज ‘झुरुबासा’ म्हणत. हा शब्द मलाय ‘जुरु बहासा’वरून आला, आणि त्यातला बहासा म्हणजे आपली भाषा. मंत्र्याला मंत्री म्हणणारा आणि भाषेला भाषा म्हणणारा, दोघेही कँटनच्या धक्क्यावर! हे कळले त्या रात्री मी जेवायचे विसरलो होतो.

दुभाष्याची मान तेव्हापासून धोक्यातच. 1759 साली ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फ्लिंट कँटनच्या अधिकाऱ्यांविरुद्ध अर्ज घेऊन थेट तिआनजिनला गेला. त्याला मकाव या पोर्तुगीज वसाहतीत तीन वर्षे कैद झाली, आणि चिनीत अर्ज लिहून देणाऱ्या लिउ याबिअनला फाशी नव्हे, शिरच्छेद. परक्यांना चिनी शिकवणे हाच गुन्हा ठरला.

मग अधिकाऱ्याचा शब्द भाषेला कसा चिकटला? सरकारी अधिकारी स्वतःच्या प्रांतात नेमले जात नसत. फुजिआनचा माणूस शान्शीला जाई, तिथले बोलणे त्याला कळत नसे. म्हणून अधिकारी आपापसात एक सामाईक बोली बोलत. तिला चिनीत ग्वानह्वा म्हणत, म्हणजे अधिकाऱ्यांची बोली. भारतात चार वर्षे काढून 1582 साली मकावला उतरलेल्या मात्तेओ रिची या इटालियन जेझुइट पाद्र्याने ही बोली शिकण्यासारखी आहे हे नेमके ओळखले. युरोपियांनी ग्वानह्वाचे शब्दशः भाषांतर केले, मांदारींची भाषा. म्हणजे ‘मंत्रीभाषा’. त्या शब्दाला लिपीशी काय देणेघेणे?

इंग्रजीत एका संत्र्यालाही मँडरिन म्हणतात, त्या नावाची दंतकथाही कोणी विचारेल, अधिकाऱ्यांच्या केशरी झग्यावरून म्हणे. मांचूंच्या चिंग दरबारातला वरचा झगा गडद निळा, जवळजवळ काळा असे, आणि छातीवर चौकोनी भरतकाम. पहिल्या दर्जाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या चौकोनात करकोचा, लष्करी अधिकाऱ्याच्या चौकोनात श्वापद. केशरी शोधूनही सापडत नाही. नागपुरी संत्रेही शास्त्रीय वर्गीकरणात मँडरिनच, तेवढे पुरे. आणि उभ्या गळपट्टीच्या सदऱ्याला इंग्रजीत मँडरिन कॉलर म्हणत असले तरी माझा शिंपी ‘चायनीज कॉलर’ म्हणतो. त्याचे बरोबर आहे.

मँडरिन की मंदारिन? मूळ पोर्तुगीज उच्चाराला मंदारिन जवळचा, आणि मंत्र्यालाही. तुमचा संपादक मँडरिन मागत असेल तर द्या बापडे. पण लिपी तेवढी काढून टाका.