एजंटाला पैसे द्यायच्या आधी काय बघायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत बहुतेकांनी शेवटी एकच विचारलंय, कुठल्या ऑफिसात जायचं आणि कुणाला विचारायचं. माहिती आपल्याकडं, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव भागात, आहे हो, पण ती कन्नडमध्ये, वेगवेगळ्या पोर्टलवर विखुरलेली, त्यामुळं माणूस घाबरून सरळ एजंट गाठतो. म्हणून जमेल तिथं ऑफिसाचं आणि कागदाचं नाव देतोय, ते वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : शहराच्या कडेला ग्रामपंचायत हद्दीत २ गुंठे जागा घ्यायलोय. एजंट म्हणतोय बॉन्डवर लिहून घेऊया, उतारा मागाहून नावावर चढतो, सगळे असंच करालेत. मुलगा नको म्हणतोय. नक्की काय काय बघायचं? – एक वाचक, वडगाव

दादा, मुलाचं ऐका आणि अ‍ॅडव्हान्स अजून दिला नसेल तर देऊ नका. बॉन्डवर लिहून नोटरी केली म्हणजे जागा आपली झाली असं आपल्याकडं कितीतरी लोक अजून धरून चालतात, आणि आयुष्यभराची कमाई त्यात घालतात म्हणून जीव तुटतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणं १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर विकत घ्यायची तर खरेदीपत्र सब-रजिस्ट्रारकडं नोंदवावंच लागतं, आणि नुसत्या वटमुखत्यारपत्रावर किंवा करारावर मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय. "सगळे असंच करालेत" हे कोर्टात चालत नाही.

आता बघायचं काय. पहिला उतारा, म्हणजे इथल्या भाषेत आरटीसी नाहीतर पहाणी. भूमी या राज्याच्या जमीन नोंदींच्या पोर्टलवर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घातला की घरबसल्या दिसतो. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, आणि रकाना ११ मध्ये इतर हक्क आणि बोजा, बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज असेल तर ते तिथं दिसतं. लोक नाव बघतात आणि ११ सोडून देतात, तसं करू नका. नावं जास्त असली, म्हणजे भाऊ-बहिणी सगळ्यांची, तर सही एकट्याची चालणार नाही, बहिणींचीसुद्धा लागणार. उतारा कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर ओळखीतल्या कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, शाळेतली पोरं पण वाचून दाखवतात, फक्त एजंटाकडून वाचून घेऊ नका.

मग जागेवर जाऊन फोनवर दिशांक अ‍ॅप उघडा. कर्नाटक सरकारचंच अ‍ॅप आहे, तुम्ही उभे आहात तो सर्व्हे नंबर कुठला ते दाखवतं. जागा दाखवली एक आणि कागद दुसऱ्या नंबरचा, असला प्रकार तिथल्या तिथं कळू शकतो. हद्दीची खात्री मात्र अ‍ॅपवर करायची नाही, त्याला सरकारी मोजणीच पाहिजे.

तिसरं ईसी, म्हणजे जागेवरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर किंवा सब-रजिस्ट्रार ऑफिसात मिळते. व्यवहार नोंदलेले असतील तर फॉर्म १५ येतो, काहीच नसेल तर फॉर्म १६. निदान ३० वर्षांची मागा, जुनी वर्षं ऑनलाइन निघाली नाहीत तर ऑफिसात अर्ज द्या. एक लक्षात घ्या, ईसीत फक्त नोंदलेले व्यवहार दिसतात, त्यामुळं तुमच्याआधी कुणाला बॉन्डवर लिहून दिलेलं असलं तर ते त्यात येणारच नाही, शेजारच्या प्लॉटवाल्यांना विचारायचं ते याच्यासाठी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकालेत की रीतसर एनए आणि लेआउट मंजूर करून? एनएची ऑर्डर आणि मंजूर नकाशा हातात मागा, झेरॉक्सवर ऑर्डर नंबर असतो तो घेऊन ऑर्डर देणाऱ्या ऑफिसात ताडून बघा, बेळगावच्या आसपास असेल तर लेआउटची मंजुरी बुडामध्ये, म्हणजे शहराच्या विकास प्राधिकरणात. सर्व्हे नंबरातला तुकडा खरेदी करायचा तर ११-ई स्केच, म्हणजे त्या तुकड्याचा सरकारी मोजणीचा नकाशा लागतं, ते नाही म्हणाला की थांबा. पंचायतीत ई-स्वत्तूमधून, म्हणजे पंचायत मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीतून, फॉर्म ९ आणि ११-ए निघत असेल तर ठीक, ११-बी निघत असेल तर रीतसर मंजुरी नसलेल्या मिळकतीची नोंद आहे असं समजा, बँकेचं कर्ज आणि बांधकाम परवाना दोन्हीला अडचण येऊ शकते. एजंट दोन्हीला सरसकट "कॉम्प्युटर उतारा" म्हणतो, म्हणून फॉर्मचा नंबर स्वतःच्या डोळ्यानं बघा. शहर हद्दीत घेत असाल तर ई-खाता, म्हणजे मिळकतीचा ऑनलाइन उतारा बघा, २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याच्याशिवाय खरेदी नोंद होत नाही. हे सगळं घेऊन शेवटी एका वकिलाला दाखवा, एजंटानं आणलेल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या.

प्रश्न : आमचं घर खानापूर तालुक्यात. घराच्या उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव चुकलंय, दुरुस्तीसाठी पंचायतीत चार वेळा तोंडी सांगून झालं. मराठीत अर्ज घेत नाहीत म्हणून परत पाठवलं. खरंच घेत नाहीत काय? – एक वाचक भगिनी

ताई, राज्यघटनेचं कलम ३५० वाचून दाखवा त्यांना. आपल्या तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडं देता येतं, तो हक्क प्रत्येकाला आहे. आणि खानापूर तालुक्यात मराठी वापरात आहे की नाही हे कुणी सांगायची गरज नाही. उत्तर मात्र कन्नडमध्ये येईल हे धरून चला.

पण तोंडी सांगणं आता बंद करा. अर्ज दोन प्रतीत, पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावानं, मिळकत नंबर आणि चुकलेलं-बरोबर नाव दोन्ही लिहून, सोबत आधार आणि जुना उतारा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्यायची. ती पोच म्हणजे तुमचा पुरावा, ती नसेल तर तुम्ही कधी आलाच नव्हता. घेतच नाहीत तर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. काम लवकर व्हावं असं वाटत असेल तर माझं मत, मराठी अर्जाच्या खाली कन्नडमध्ये चार ओळी लिहून घ्या. हक्क सोडायचा म्हणून नव्हे, टेबलावरचा माणूस "कळलं नाही" म्हणून फाइल बाजूला ठेवतो ते टाळायला.

ही सेवा सकालमध्ये, म्हणजे ठरल्या मुदतीत सरकारी सेवा द्यायच्या राज्याच्या योजनेत येते काय तेपण विचारा. येत असेल तर पावतीवर सकाल नंबर असतो, मुदत ठरलेली असते, आणि मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, भरपाई मागता येते. रक्कम छोटी आहे पण नंबर असला की फाइल हलते. तरीही नाही झालं तर १९०२ ला फोन, ती राज्य सरकारची तक्रारीची हेल्पलाइन आहे.

शेवटचा उपाय माहिती अधिकार. इथं भाषेचं वेगळं आहे बघा, त्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असं म्हटलंय, म्हणून मराठीतला परत येऊ शकतो. हिंदीत लिहा, आपल्याला जमतं. फी १० रुपये, कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली आणि तो आज कुणाकडं आहे" एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : घरी चकली, लाडू, मसाले करून विकते. आता कोल्हापूर आणि चंदगडहूनपण ऑर्डरी येतायत, कुरियरनं पाठवते. एकजण म्हणाला ४० लाखांपर्यंत जीएसटीचं काही बघायचं नाही. बरोबर आहे काय? – शहापूर

अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्या सीमाभागातल्या लोकांनाच बाधतं, म्हणून जरा नीट वाचा. मालाच्या विक्रीला ४० लाखांची मर्यादा आहे ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. टॅक्स लागणारा माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर ही मर्यादा लागू होत नाही, पहिल्या पार्सलपासून रजिस्ट्रेशन लागतं. बंगळूर ५०० किलोमीटरवर, तिकडं पाठवलं तर चालतं, आणि शिनोळीची हद्द ओलांडली की नियम बदलला. गिऱ्हाईक स्वतः शहापुरात येऊन रोख देऊन घेऊन गेलं तर ती साधारणपणे इथलीच विक्री धरतात, पण तुम्ही कोल्हापूरच्या पत्त्यावर कुरियर केलंत की ती आंतरराज्य झाली. म्हणून ताई, बाहेरच्या ऑर्डरी वाढवायच्या असतील तर आधी एका टॅक्स सल्लागाराला भेटा, मगच कुरियर चालू ठेवा. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्या होत्या, तेव्हा "कुणाला कळतंय" हा हिशोब आता धरू नका. वहीत रोजची विक्री लिहा, घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात.

बाकीचं सोपं आहे. खाण्याचं विकताय तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी पाहिजेच, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होते, १४ अंकी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, त्याच्यासाठी पैसे मागणाऱ्या सरकारीसारख्या दिसणाऱ्या वेबसाइटी भरपूर आहेत, तिथं भरू नका. महापालिकेच्या ट्रेड लायसन्सचं तुमच्या वॉर्डाच्या आरोग्य विभागात विचारा. मशीन घ्यायचं असेल तर छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सबसिडी ठरवलेली आहे, योजना अजून चालू आहे काय ते जिल्ह्याच्या कृषी खात्यात विचारा.

प्रश्न : दुकानाच्या बोर्डावर मराठी लिहिलं तर चालतं की नाही? प्रत्येकजण वेगळं सांगतोय. – खडेबाजार

चालतं. कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनं बोर्डावर ६० टक्के कन्नड आणि ते वरच्या बाजूला, असं बंधन आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला कायद्यानं बंदी नाही, आणि माझं म्हणणं आहे की लिहावं, आपलं गिऱ्हाईक ते वाचतं. रंगाऱ्याला माप आधीच काढून द्या, नंतर पुन्हा रंगवायचा खर्च वाचतो. नोटीस आली तर तोंडी वाद घालू नका, बोर्डाचा मापासकट फोटो जोडून लेखी उत्तर द्या.

प्रश्न : घरपट्टी कधी भरली तर सूट मिळते? – टिळकवाडी

एप्रिलमध्ये पूर्ण वर्षाची एकदम भरली तर ५ टक्के. जूननंतर राहिली की महिन्याला २ टक्के दंड चढत जातो. भरायच्या आधी चलनावर बांधकामाचं क्षेत्रफळ आणि वापर, म्हणजे राहतं घर की दुकान, बरोबर पडलाय काय ते बघा. खाली दुकान काढून नंतर बंद केलेल्या घरांना दुकानाच्याच दरानं पट्टी येत राहते, तसं झालं असेल तर भरण्याआधी महसूल विभागात अर्ज देऊन पाहणी करून घ्या.