वाचकांचे प्रश्न : स्टँडबाय डेटाबेसवर रिपोर्टचा भार

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेत ओरॅकल १९सी एंटरप्राइज एडिशन आहे. डीआर साइटवरचा (आपत्तीसाठीच्या पर्यायी केंद्रातला) फिजिकल स्टँडबाय, म्हणजे मुख्य डेटाबेसची (प्रायमरीची) तंतोतंत प्रत, वर्षभर नुसता रेडो, म्हणजे प्रायमरीवरील बदलांची नोंद, लावत असतो. महिनाअखेरीस व्याज आकारणीचा बॅच आणि शाखांचे रिपोर्ट एकाच वेळी चालू झाले की काउंटरवरचे व्यवहार रेंगाळतात. सगळे रिपोर्ट स्टँडबायवर नेले तर प्रायमरीचा निम्मा भार उतरेल, असे व्यवस्थापनाला वाटते. हे कितपत खरे आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रिपोर्ट हलवण्याची कल्पना योग्य आहे, निम्म्याचा हिशेब मात्र मोजून पाहिल्याशिवाय मान्य करू नये. स्टँडबायकडे वळवता येते ते केवळ वाचन. व्याज आकारणी हे लेखनाचे काम असल्यामुळे ते प्रायमरीवरच राहणार, आणि त्यातला प्रत्येक बदल रेडोच्या रूपाने स्टँडबायलाही पुन्हा लावावा लागणार. तेव्हा महिनाअखेरीच्या त्या काही तासांत रिपोर्टच्या क्वेरी किती सीपीयू आणि किती डिस्क वाचन घेतात, हे आधी पाहावे. ओरॅकलच्या डायग्नोस्टिक्स पॅकचे लायसन्स असेल तर एडब्ल्यूआर या भारमापनाच्या अहवालावरून, नसेल तर स्टॅट्सपॅक या साध्या साधनावरून हे कळते. तेथे जो वाटा दिसेल तेवढाच उतरेल.

दुसरी गोष्ट पैशाची. स्टँडबाय सांभाळणारी डेटा गार्ड ही सोय एंटरप्राइज एडिशनमध्येच येते. परंतु रेडो लावणे चालू ठेवून त्याच वेळी स्टँडबाय वाचनासाठी उघडा ठेवण्याची सोय, म्हणजे २००७ मध्ये ११जी आवृत्तीबरोबर आलेले अ‍ॅक्टिव्ह डेटा गार्ड, हा वेगळे पैसे मोजून घ्यायचा पर्याय आहे आणि त्याचे लायसन्स दोन्ही बाजूंना लागते. येथे अनेकांची फसगत होते. स्टँडबायवर कोणी साधी स्टार्टअप आज्ञा दिली तर डेटाबेस माउंट अवस्थेत (वाचनासाठी बंद) न थांबता वाचनासाठी उघडतो, त्यावर रेडो लावणे सुरू झाले की या सुविधेच्या वापराची नोंद डेटाबेसमध्येच होते, आणि पुढे ऑडिटच्या वेळी त्या नोंदीचे उत्तर आपल्याला द्यावे लागते.

आता मुख्य मुद्दा, ज्याची चर्चा व्यवस्थापनाच्या बैठकीत सहसा होत नाही : कोणत्या रिपोर्टला किती शिळी माहिती चालते? स्टँडबाय प्रायमरीच्या मागे असतो. कधी क्षणभर, कधी बराच. व्ही डॉलर डेटागार्ड स्टॅट्स या व्ह्यूमध्ये ट्रान्सपोर्ट लॅग (रेडो पोहोचण्यातला उशीर) आणि अप्लाय लॅग (लावलेली माहिती प्रायमरीच्या किती मागे आहे ते) वेगवेगळे दिसतात व ते वेगवेगळेच वाचले पाहिजेत, कारण पहिल्याचा संबंध बहुधा नेटवर्कशी असतो आणि दुसऱ्याचा स्टँडबायच्या डिस्क व सीपीयूशी. गंमत अशी की, ज्या महिनाअखेरीसाठी हा सगळा खटाटोप करायचा, त्याच वेळी बॅच सर्वाधिक रेडो निर्माण करतो आणि लॅगही तेव्हाच वाढण्याची शक्यता सर्वात जास्त असते. म्हणून एरवीच्या शांत दुपारी घेतलेल्या चाचणीवर विसंबू नये.

माझ्या मते रिपोर्टची वर्गवारी त्यांच्या आकारावरून करण्यापेक्षा या शिळेपणावरून करावी. कालअखेरच्या शिलकीवर आधारलेली थकबाकी यादी, तपासनिसांचे जुन्या व्यवहारांचे उतारे, मागील तिमाहीची विवरणे ही स्टँडबायवर निर्धास्त जाऊ शकतात. पैसे भरल्यावर लगेच काउंटरवर दाखवायची शिल्लक मात्र जाऊ नये. ग्राहकाने भरणा केला आणि पडद्यावर जुनाच आकडा दिसला तर तो लॅगचे स्पष्टीकरण ऐकून घेणार नाही. या दोहोंच्या मध्ये जे रिपोर्ट राहतात त्यांच्यासाठी ओरॅकलमध्ये स्टँडबाय मॅक्स डेटा डिले हे सेशनपुरते बंधन आहे. ते समजा ३० सेकंद ठेवले आणि लॅग त्याहून वाढला, तर क्वेरी जुने आकडे देण्याऐवजी ओआरए-०३१७२ ही त्रुटी देते. मात्र एसवायएस म्हणून लॉगिन केलेल्या सेशनला ते लागू होत नाही, त्यामुळे त्या लॉगिनने चाचणी घेऊन समाधान मानू नये. त्रुटी आली की तीच क्वेरी प्रायमरीकडे न्यायची की थांबायचे, हे अ‍ॅप्लिकेशनने आधीच ठरवलेले असावे. सगळ्या क्वेरी एकदम प्रायमरीकडे परतल्या तर ज्या घटकेला तो आधीच दमलेला आहे, नेमका त्याच घटकेला त्याच्यावर दुप्पट ओझे येईल.

स्टँडबाय म्हणजे मोकळे मैदान, अशीही समजूत असते. फिजिकल स्टँडबाय ही ब्लॉकला ब्लॉक जुळणारी प्रत असल्यामुळे केवळ रिपोर्टसाठी हवा असलेला इंडेक्स तेथे स्वतंत्रपणे बनवता येत नाही. तो प्रायमरीवरच बनवावा लागतो आणि प्रत्येक नोंदीबरोबर त्याची किंमत काउंटरच्या व्यवहारांना मोजावी लागते. लांबलेल्या क्वेरीचेही तसेच आहे. तिला लागणारा अनडू, म्हणजे बदलापूर्वीची जुनी माहिती, प्रायमरीवर तयार होतो आणि तो किती काळ राखायचा हेही तेथेच ठरते, म्हणून स्टँडबायवर ओआरए-०१५५५ (लागणारा अनडू उरला नाही) ही त्रुटी वारंवार येऊ लागली तर अनडूची मुदत आणि जागा प्रायमरीवर वाढवावी लागते. १९सीमध्ये स्टँडबायवरून आलेले किरकोळ लेखन प्रायमरीकडे वळवण्याची सोय आहे. रिपोर्टच्या शेवटी एखादी लॉगची ओळ लिहायची असेल तर ती उपयोगी पडते, पण ते लेखन प्रत्यक्षात प्रायमरीवरच घडत असल्याने तिचा आधार घेऊन मोठी कामे हलवू नयेत.

आणि एक हिशेब कागदावर मांडून व्यवस्थापनापुढे ठेवाच. समजा, सारख्याच क्षमतेचे दोन सर्व्हर आहेत, ऐन गर्दीत प्रायमरी ७० टक्के आणि रिपोर्टसह स्टँडबाय ६० टक्के व्यापलेला आहे. प्रायमरी बंद पडला तर उरलेल्या एका यंत्राकडे १३० टक्क्यांची मागणी येईल. रेडो लावण्याचे काम थांबल्याने थोडी जागा मोकळी होईल, पण तेवढ्याने भागणार नाही. त्या दिवशी कोणते रिपोर्ट बंद ठेवायचे, याची यादी आजच तयार हवी. रिपोर्टसाठी डेटाबेसच्या भूमिकेनुसार (प्रायमरी की स्टँडबाय) चालू-बंद होणारी वेगळी सर्व्हिस ठेवली तर फेलओव्हरनंतर, म्हणजे स्टँडबायने प्रायमरीची जागा घेतल्यावर, ती आपोआप थांबवता येते. हे काम छोटे आहे, पण त्या दिवशी तेच बँक वाचवते.

प्रश्न : आमच्याकडे पोस्टग्रेएसक्यूएल आहे. स्टँडबायवर चाललेले मोठे रिपोर्ट मध्येच रद्द होतात आणि ‘रिकव्हरीशी संघर्ष’ अशा अर्थाचा संदेश येतो. क्वेरीत तर काही दोष दिसत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोष क्वेरीचा नाही. चालू स्टँडबायवर वाचन करण्याची सोय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१० च्या ९.० आवृत्तीपासून आहे. प्रायमरीवर व्हॅक्यूमने (नको झालेल्या ओळींची सफाई करणाऱ्या प्रक्रियेने) जुन्या ओळी काढून टाकल्या की तो बदल वॉलमधून (ओरॅकलच्या रेडोसारख्या बदलांच्या नोंदीतून) स्टँडबायवर येतो, आणि त्याच ओळी आपला रिपोर्ट अजून वाचत असेल तर दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते. मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले या सेटिंगनुसार स्टँडबाय किती थांबेल ते ठरते. मूळ मूल्य ३० सेकंद असते. ही ३० सेकंदे क्वेरी सुरू झाल्यापासून मोजली जात नाहीत, तर वॉल हाती आल्यापासून मोजली जातात. त्यामुळे स्टँडबाय आधीच मागे पडला असेल तर नुकतीच सुरू झालेली क्वेरीसुद्धा लगेच रद्द होऊ शकते.

हॉट स्टँडबाय फीडबॅक (स्टँडबायला कोणत्या ओळी अजून हव्या आहेत हे प्रायमरीला कळवणे) चालू केला तर प्रायमरी त्या ओळी राखून ठेवतो, परंतु मग रिपोर्ट चालेल तोवर प्रायमरीची टेबले फुगत राहतात. शिवाय प्रायमरीवर ऑल्टर टेबलसारखी (टेबलाची रचना बदलणारी) संपूर्ण कुलूप लावणारी आज्ञा दिली गेली, तर त्यातून होणारा संघर्ष फीडबॅकने टळत नाही. परवडत असेल तर दोन स्टँडबाय ठेवावेत : एक फेलओव्हरसाठी, ज्यावर वर सांगितलेली थांबण्याची मुदत अगदी कमी असेल, दुसरा रिपोर्टसाठी, ज्यावर ती उणे १, म्हणजे अमर्याद असेल. दुसरा तासभर मागे पडला तरी चालेल, मात्र रिपोर्टच्या मथळ्यावर ‘माहिती अमुक वेळेपर्यंतची’ असे छापावे. शेवटचा लावलेला व्यवहार कधीचा आहे हे सांगणारे फंक्शन पोस्टग्रेएसक्यूएलमध्येच आहे. प्रायमरीवर काहीच व्यवहार होत नसतील तर ती वेळ जुनी दिसते; त्या दिवशी उगाच धावपळ करू नये.

प्रश्न : पीजीपूल-२ सारखे क्वेरी वाटून देणारे साधन अॅप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसवले तर सिलेक्ट, म्हणजे वाचनाच्या क्वेरी, आपोआप स्टँडबायकडे जातील ना?
— तेच वाचक

उत्तर : जातील, पण सिलेक्टच्या पोटात लेखन करणारे फंक्शन असू शकते आणि ते स्टँडबायवर अडेल, म्हणून अशा फंक्शनांची यादी त्या साधनाला द्यावी लागते. अ‍ॅप्लिकेशनचा कोड आपल्या हाती असेल तर मी रिपोर्टसाठी वेगळे कनेक्शन ठेवण्याच्या बाजूने आहे. पोस्टग्रेएसक्यूएलशी जोडणी करून देणाऱ्या लिबपीक्यू लायब्ररीच्या १४ व्या आवृत्तीपासून जोडणी करतानाच ‘शक्यतो स्टँडबाय’ असे सांगता येते, आणि १६ व्या आवृत्तीपासून अनेक सर्व्हरांपैकी कोणताही एक यादृच्छिकपणे निवडता येतो.