काटा मारतोय का, ते आधी बघायचं

मागच्या महिन्यात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीवर, म्हणजे कण पळवून आदळवणाऱ्या मशीनवर, दोन पानं लिहिली होती, जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल २७ किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉन कसे पळवतात, चुंबक किती थंड ठेवतात वगैरे. त्यावर बरेच प्रश्न आले, आणि गंमत म्हणजे पळवण्याबद्दल कोणी विचारलंच नाही, सगळ्यांचं अडलंय ते टक्कर झाल्यावर जे काय उडतं ते मोजतात कसं यावर. मग या वेळी तेच घेऊ.

प्रश्न : सर, हिग्ज बोसॉन हा कण जन्मला की लगेच मरतो असं तुम्हीच लिहिलंय. मग २०१२ मध्ये तो 'दिसला' असं का म्हणतात? कोणी बघितला?
– बारावीची विद्यार्थिनी, सांगली

कोणीच नाही. एका सेकंदाचे एकावर बावीस शून्यं इतके तुकडे कर, त्यातले दीड-दोन तुकडे एवढंच त्याचं आयुष्य, तेवढ्या वेळात तो साध्या एका अणूचीही रुंदी ओलांडत नाही, डिटेक्टरपर्यंत, म्हणजे टकरीभोवती लावलेल्या मोजणीच्या यंत्रापर्यंत पोचायचं तर लांबच. पोचतात ते त्याचे वारस. म्हणजे अपघाताचा पंचनामा करायला हवालदार येतो तेव्हा अपघात संपलेला असतो, रस्त्यावर काचा आणि टायरचे व्रण उरलेले असतात, त्यावरून तो सांगतो कुठली गाडी कुठून किती जोरात आली. तसंच हे.

हिग्ज कधीकधी दोन फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या कणांमध्ये फुटतो, हजारातून जेमतेम दोनदा. त्या दोन फोटॉनची एनर्जी आणि त्यांच्यामधला कोन मोजला की ते एकाच बापाचे असतील तर बापाचं वजन किती, हे सरळ गणिताने निघतं. अडचण अशी की टकरीत इतर कारणांनीही फोटॉनच्या जोड्या भरपूर निघतात. मग काय करतात, प्रत्येक जोडीचं 'वजन' काढायचं आणि आलेखावर एकेक ठिपका टाकत राहायचं. बिनकामाच्या जोड्यांचा एक गुळगुळीत उतार तयार होतो, आणि खरंच काही असेल तर त्या उतारावर एके जागी छोटंसं टेंगूळ येतं. ते १२५ जीईव्हीला आलं (जीईव्ही हे कणांच्या वजनाचं आणि एनर्जीचं माप, प्रोटॉन साधारण १ जीईव्हीचा धर), अ‍ॅटलास आणि सीएमएस अशा दोन वेगळ्या डिटेक्टरना आलं, फोटॉनशिवाय चार लेप्टॉनच्या (इलेक्ट्रॉन आणि त्याचा जड भाऊ म्यूऑन) मार्गानेही आलं, तेव्हा कुठे ४ जुलै २०१२ ला जाहीर केलं. नुसतं टेंगूळ बघून नाचायचं नसतं. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्हीकडे ७५० जीईव्हीच्या आसपास असंच काहीतरी दिसलं, थिअरीवाल्यांनी शेकड्याने पेपर पाडले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आल्यावर ते टेंगूळ बसलं. कोणाची चूक नव्हती, नाणं सलग काही वेळा छापा पडतंच.

आता काचा कोण गोळा करतं ते सांगतो, सीएमएसचंच उदाहरण घेतो कारण त्याची रचना सोपी आहे. १४,००० टनांचं, २१ मीटर लांबीचं पिंप आडवं ठेवलंय, आत एकावर एक थर. सगळ्यात आत सिलिकॉनच्या पातळ चकत्या, विजेचा भार असलेला कण त्यातून गेला की बारीकसा सिग्नल येतो, ठिपके जोडले की वाट कळते. त्याबाहेर लेड टंगस्टेटचे सुमारे ७६,००० क्रिस्टल, काचेसारखे पारदर्शक पण लोखंडापेक्षा जड, फोटॉन आणि इलेक्ट्रॉन इथे जिरतात आणि जिरताना जो उजेड पडतो तो मोजायचा. मग पितळेचा थर, तिथे प्रोटॉन-पायॉन वगैरे मंडळी थांबतात. (या पितळेतलं काही रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांच्या पुंगळ्या वितळवून आलंय, दहा लाखांहून जास्त, मला ही गोष्ट सगळ्या भौतिकशास्त्रापेक्षा जास्त आवडते.) मग ३.८ टेस्लाचं चुंबक आणि सगळ्यात बाहेर म्यूऑनसाठी चेंबर, कारण म्यूऑन हा एवढं सगळं भेदून बाहेर येतो. कोण कुठल्या थरात अडकला यावरून त्याची जात कळते.

प्रश्न : एवढा खर्च करून टकरी घडवतात आणि जवळजवळ सगळा डेटा फेकून देतात असं वाचलं. हे खरं आहे का? असेल तर हा शुद्ध उधळेपणा आहे.
– निवृत्त बँक अधिकारी, पुणे

काका, खरं आहे, आणि फेकण्याशिवाय इलाजच नाही. प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांवर येतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४ कोटी वेळा, आणि प्रत्येक वेळी एक नाही तर हल्ली पन्नास-साठ टकरी एकदम होतात. एका वेळचा डेटा साधारण १ एमबी धरा आणि करा गुणाकार, बँकेतल्या माणसाला मी काय सांगणार. एवढं साठवायला जागाच नाही. म्हणून ट्रिगर असतो, दारावरचा वॉचमन म्हणा. पहिला वॉचमन नुसतं इलेक्ट्रॉनिक्स, त्याला विचार करायला सेकंदाचे चार दशलक्षांश भाग मिळतात, तेवढ्यात मोठी एनर्जी दिसली, म्यूऑन दिसला तर आत, नाहीतर चल निघ. चार कोटींतले एक लाख उरतात. दुसऱ्या पायरीवर कॉम्प्युटरची फौज जरा निवांत बघते आणि सेकंदाला हजार ते काही हजार ठेवते.

उधळेपणा म्हणाल तर बहुतेक टकरी रोजच्याच असतात, त्यात नवं काही नसतं. पण तुमची शंका अगदीच चुकीची नाही. आपण काय शोधतोय हे आधी ठरवून वॉचमनला सांगितलेलं असतं, आणि जे कोणाच्या डोक्यातच आलं नाही ते दारातून परत जाऊ शकतं, त्याची ना नोंद ना पावती. ही भीती या क्षेत्रातल्या लोकांनाही असते, म्हणून काही डेटा आत्ता प्रोसेस न करता 'पार्क' करून ठेवतात, सवडीने बघू म्हणून.

प्रश्न : न्यूट्रिनो कशातच अडकत नाही. मग त्याचा हिशोब कसा लागतो?
– शिक्षिका, रत्नागिरी

गल्ला कमी भरला की कळतं तसा. टकरीआधी दोन्ही प्रोटॉन ज्या पाइपातून येतात त्याच्याच दिशेने धावतात, पाइपाला आडव्या दिशेने त्यांचा संवेग शून्य, मग टकरीनंतरही आडवी बेरीज शून्यच यायला हवी. डावीकडे भरपूर उडालंय आणि उजवीकडे काहीच नाही असं दिसलं तर उजवीकडून कोणीतरी गुपचूप निसटलंय. पाइपाच्या दिशेने मात्र हा हिशोब लावता येत नाही, कारण टक्कर प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनची होते, कोणी किती वाटा आणला माहीत नसतं आणि बरेच तुकडे पाइपातूनच निघून जातात. १९८३ मध्ये सर्नलाच डब्ल्यू बोसॉन (फुटताना न्यूट्रिनो सोडणारा कण) सापडला तो याच युक्तीने.

पण बाई, इथे एक खोच आहे. डिटेक्टरचा एखादा चॅनेल मेला असेल तर तिथली एनर्जीही 'गायब' दिसते! म्हणजे न्यूट्रिनो की बंद पडलेली वायर, हे आधी ठरवावं लागतं. यावरून पुढचा प्रश्न, आणि या वेळचा मला सगळ्यात आवडलेला.

प्रश्न : मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आमच्याकडे व्हर्नियर, मायक्रोमीटर, सगळ्या गेजचं ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन लागतं, सर्टिफिकेट नसेल तर ऑडिटवाला माल पास करत नाही. या डिटेक्टरला सर्टिफिकेट कोण देतं?
– वाचक, भोसरी

साहेब, तुम्ही नेमकी नस पकडलीत. लोकांना वाटतं तिकडे हजारो माणसं नवे कण शोधत बसलीत, प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेकांचा दिवस आपलाच काटा मारत नाहीये ना हे तपासण्यात जातो, आणि माझ्या मते खरं कसब तिथंच आहे.

किती बारीक मोजायचंय ते आधी बघा. चुंबकात भारित कणाची वाट वाकते, जितका संवेग जास्त तितकी कमी वाकते. १०० जीईव्हीचा म्यूऑन ३.८ टेस्लात ज्या वर्तुळावर फिरतो त्याची त्रिज्या ८८ मीटर. सिलिकॉनचा भाग मीटरभर. तेवढ्या मीटरभरात वाट सरळ रेषेपासून दीड मिलिमीटरसुद्धा हटत नाही, आणि त्यावरून एनर्जी टक्का-दोन टक्क्यांत सांगायची. म्हणजे प्रत्येक चकती नेमकी कुठे आहे हे मायक्रॉनमध्ये माहीत पाहिजे. पट्टी लावून मोजायला आत जाता येत नाही, मग कणांनाच पट्टी करतात. सप्टेंबर २००८ मध्ये एलएचसीत मोठा बिघाड झाला, मशीन वर्षभर बंद, तेव्हा सीएमएसवाले हातावर हात ठेवून बसले नाहीत, आकाशातून फुकट येणारे म्यूऑन घेत बसले, चुंबक चालू ठेवून महिनाभरात २७ कोटींच्या आसपास नोंदी. सरळ येणाऱ्या कणाची वाट एखाद्या चकतीवर सारखी एकाच बाजूला चुकतेय असं दिसलं तर कण वाकडा नाही, चकती सरकलेली आहे.

क्रिस्टलचं दुखणं वेगळं. तापमान एक अंश वाढलं की उजेड दोन टक्क्यांनी घटतो, म्हणून १८ अंशांवर ठेवतात आणि अंशाच्या विसाव्या भागापलीकडे हलू देत नाहीत. शिवाय रेडिएशन खाऊन ते काळवंडतात, मशीन थांबलं की थोडे सुधारतात, पुन्हा काळवंडतात. त्यामुळे बीम, म्हणजे प्रोटॉनचा झोत, चालू असतानाच सारखा लेसर मारून प्रत्येक क्रिस्टल आत्ता किती पारदर्शक आहे ते बघत राहावं लागतं.

आणि तुमचा स्लिप गेज, ज्यावर बाकीची मापं ताडून बघतात तो? तो म्हणजे झेड बोसॉन. त्याचं वस्तुमान ९१.१८७६ जीईव्ही, लाखात दोन भागांच्या अचूकतेने माहीत आहे. तो फुटून निघालेले दोन म्यूऑन किंवा दोन इलेक्ट्रॉन घ्यायचे, वजन काढायचं, टेंगूळ ९१ वर यायला पाहिजे, नाही आलं तर झीरो एरर आपल्यात आहे. हलक्या बाजूला ३.०९७ जीईव्हीचा जे-साय नावाचा कण आहे, तो दुसरा गेज. आता तुम्ही विचाराल झेडचं सर्टिफिकेट कोणी दिलं, तर याच बोगद्यात आधी एलईपी नावाचं मशीन होतं, त्याने. आणि तिथली कथा ऐकाल तर हसाल, चंद्रामुळे समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही किंचित येते, २७ किलोमीटरचा वेढा मिलिमीटरभर ताणला जातो आणि बीमची एनर्जी बदलते, तो हिशोबात धरावा लागला. तरी दिवसभर काहीतरी हलत होतं, ते रात्री काही तास शांत. शेवटी सापडलं, जवळून जाणाऱ्या इलेक्ट्रिक ट्रेनचा करंट जमिनीतून मशीनच्या पाइपात शिरत होता!

एवढं करूनही भांडणं राहतातच. २०२२ मध्ये शिकागोजवळच्या फर्मीलॅबच्या सीडीएफ गटाने, त्यांचं मशीन २०११ लाच बंद झालेलं, जुन्या डेटातून डब्ल्यू बोसॉनचं वजन ८०,४३३ एमईव्ही (हजार एमईव्ही म्हणजे १ जीईव्ही) सांगितलं, चुकीची शक्यता इकडेतिकडे फक्त ९ ची. थिअरीप्रमाणे ८०,३५७ हवं. खळबळ. मग २०२४ मध्ये सीएमएसने जे-सायवर काटा लावून, झेडवर ताडून, १० कोटींहून जास्त डब्ल्यू मोजले आणि आकडा दिला ८०,३६०, चुकीची शक्यता १० ची. दोघांकडे सर्टिफिकेट आहे आणि दोघं एकाच वेळी बरोबर असणं अवघड आहे. माझा कल सीएमएसकडे, कारण अ‍ॅटलासचा आकडाही तिकडेच पडतो, पण सीडीएफच्या कामात नेमकं कुठे चुकलं हे अजून कोणी बोट ठेवून दाखवलेलं नाही.

प्रश्न : एकूण किती हिग्ज तयार झाले हे मोजतात की अंदाज असतो?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नागपूर

हिशोब असतो, तूही करू शकतोस. टकरीची शक्यता 'बार्न' या एककात मोजतात, बार्न म्हणजे इंग्रजीत धान्याचं कोठार, अणुकेंद्राच्या मानाने हे माप कोठाराएवढं मोठं म्हणून भौतिकवाल्यांनी थट्टेत ठेवलेलं नाव, ते चिकटलं. १३ टीईव्हीच्या (टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) टकरींत हिग्जची शक्यता ५५ पिकोबार्न, म्हणजे ५५,००० फेम्टोबार्न. २०१५ ते २०१८ मध्ये एका डिटेक्टरला मिळालेला 'माल', म्हणजे जमलेल्या टकरींचं माप, साधारण १४० प्रति फेम्टोबार्न. गुणाकार कर, ७७ लाख. म्हणजे साधारण दीड अब्ज टकरींमागे एक. आता ते १४० कुठून आलं, तर दोन बीम एकमेकांवरून मुद्दाम थोडे थोडे सरकवायचे आणि टकरी कशा कमी होतात ते बघायचं, त्यावरून बीमची रुंदी निघते. सिमॉन व्हॅन डर मीर यांनी १९६८ मध्ये सुचवलेली युक्ती, आजही तीच वापरतात आणि अ‍ॅटलासने चूक एक टक्क्याच्या आत आणलीय.

प्रश्न : यात आपल्याकडचं काही आहे का?
– वाचक, ठाणे

आहे की. सीएमएसच्या चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर प्लास्टिक सिंटिलेटरचा (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकचा) एक थर आहे, पितळेतूनही निसटलेली एनर्जी पकडायला. तो कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने पंजाब विद्यापीठाबरोबर केला. म्यूऑनच्या काही चेंबरमध्ये आणि क्रिस्टलसमोरच्या सिलिकॉनमध्ये ट्रॉम्ब्यातल्या बीएआरसीचा हात आहे. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्यही आहे.

प्रश्न : घरी डिटेक्टर करता येईल का? मी आठवीत आहे.
– वाचक, कोल्हापूर

येईल, पण मोठ्या माणसाला बरोबर घे. काचेचा छोटा फिश टँक, त्याच्या तळाशी आतून जाड फेल्ट चिकटवायचं आणि ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायचं, ९९ टक्केवालं, हात पुसायचं सॅनिटायझर नाही. टँक उलटा करून काळ्या पत्र्यावर ठेव, कडा टेपने बंद कर, पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. खोलीतला दिवा बंद, टॉर्च बाजूने. ड्राय आइसला उघडा हात लावायचा नाही, खिडकी उघडी ठेवायची, आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको, अल्कोहोलची वाफ भडकते. तळाजवळ पावसासारखं धुकं दिसेल आणि त्यात मधूनच बारीक सरळ रेघ उमटून विरेल, ते बहुतेक म्यूऑन, तुझ्या तळहातातून सेकंदाला साधारण एक तरी जातोच. आखूड जाडजूड रेघ दिसली तर ती हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही, सारखा टँक उचलून बघू नकोस.